बंगळूरला जाताना काय घालायचं

लेकीची यादी व्हॉट्सअॅपवर आली तेव्हा मी दुकानात होते. सोलापुरात शुक्रवार पेठेत आमचं मॅचिंग सेंटर आहे. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, परकर, एवढाच पसारा. यादीत लिहिलं होतं, शुक्रवारी संध्याकाळी गच्चीवरच्या हॉटेलात जायचं, तेव्हा फिकट लिननची पँट, पांढरा शर्ट आणि वर निळं जाकीट. शनिवारी चित्रांचं प्रदर्शन, त्याला लांब कुर्ता आणि पायात सपाट बूट, कारण चालायचं खूप आहे. रविवारी ब्रंच, त्याला हिरवा ड्रेस. इरकल साडी आणू नकोस. शेंगाचटणी, कडक भाकरी काही आणू नकोस. चार पिशव्या नकोत, एकच बॅग. आणि शेवटी, अव्वा, तू काही विकत घेऊ नकोस, सगळे कपडे मी कुरिअरनं पाठवतेय.

माझ्या मनात पाल चुकचुकली. ही तीच मुलगी, जी कॉलेजात असताना चटणी संपली म्हणून फोनवर रडायची. बंगळूरला नोकरी लागून तिला तीन वर्षं झाली होती. त्या तीन वर्षांत तिने मला कधी मुद्दाम फिरायला बोलावलं नव्हतं.

मी जात्या संशयी आहे हे मला मान्य आहे. पण त्यात धंद्याचाही हात आहे. बाई साडी घेऊन येते, आपण ट्यूबलाइटखाली रंग जुळवून देतो, बाई खूश होऊन घरी जाते आणि दुसऱ्या दिवशी परत येते, कारण उन्हात तो रंग वेगळाच निघालेला असतो. म्हणून मी प्रत्येक तुकडा दारात उन्हात नेऊन बघते, चिमटीत धरते, उलटा करते. बावीस वर्षं हे केल्यावर कुठलीच गोष्ट आहे तशी खरी वाटत नाही. नवरा म्हणतो, "देवळातली विभूतीबी तू चिमटीत धरून तपासशील."

भीती मात्र एकच होती, आणि ती समोरच्या बांगड्यांच्या दुकानातून आली होती. तिथल्या बाईच्या मुलाने हैदराबादला लग्न केलं. तिला ते कळलं एका गिऱ्हाइकाच्या फोनवरचा फोटो बघून. "मला ठाऊकच होतं की," ती म्हणाली, गिऱ्हाइकाला चहा पाजला आणि दुपारीच शटर ओढून घरी गेली. मी सगळं आमच्या गल्ल्यावरून बघत होते. तेव्हापासून मी मनाशी एक धरून बसले होते. माझी लेक काय वाटेल ते करो, कुणाशीही करो, जातीचं-पातीचं नंतर बघू, पण ते मला आधी कळलं पाहिजे. लोकांच्या तोंडून नाही.

कुरिअर आलं. मी जाकीट उचललं आणि सरळ दुकानाच्या पायरीवर उन्हात गेले. कापड उत्तम होतं, अस्तर तर आमच्याकडे मिळणारच नाही असं. पण जाकीट नवं नव्हतं. कॉलरची घडी बाकीच्या रंगापेक्षा फिकी होती, म्हणजे चांगलं आठ-दहा वेळा धुतलेलं. चारपैकी एक बटण वेगळ्या दोऱ्याने लावलेलं. आतून बगलेच्या शिवणीजवळ बोटभर पांढरी पट्टी शिवलेली आणि तिच्यावर शाईने चार आकडी नंबर. पँट उलटी केली, तिलाही नंबर. हिरव्या ड्रेसलाही.

मी हिशेब जुळवला. हे कपडे दुसऱ्या बाईचे आहेत. ती माझ्या मापाची, म्हणजे माझ्याच वयाची. पैसेवाली, कारण तिचे कपडे मोठ्या लाँड्रीत जातात आणि तिथे नंबर पडतात. माझ्या लेकीला असे कपडे हक्काने देणारी या वयाची बाई कोण असणार? त्याची आई. म्हणजे तो आहे, त्याचं घर आहे, आणि माझी लेक तिथे इतकी रुळली आहे की कपाट उघडून कपडे काढते. आणि मला नीटनेटकी करून त्या बाईसमोर उभी करायची म्हणून हा सगळा थाट.

नवऱ्याला मी हे सगळं सांगितलं. एरवी सोलापूरच्या बाहेर जायचं म्हटलं की दहा फाटे फोडणारा माणूस, या वेळी नुसता म्हणाला, "आगं, लेक बोलावतीया, जा की. दिलंय ते घालून जा गप. दुकान मी बघतो." तो इतक्या झटकन राजी झाला हे मला खटकलं होतं. पण माझं सगळं डोकं त्या नंबराच्या पट्टीत अडकलेलं.

बॅगेच्या तळाशी मी एक इरकल ठेवली आणि तिच्या घडीत चटणीची एक पुडी.

बंगळूरला लेक दोन मैत्रिणींबरोबर चौथ्या मजल्यावर राहते. मैत्रिणी गावी गेल्या होत्या. मी आत शिरल्याबरोबर मोरीत जाऊन टूथब्रश मोजले. तीन होते. तिसऱ्याचा रंग काळा होता, तो मुलीचा असेल का यावर मी बराच वेळ विचार केला.

संध्याकाळी पँट, शर्ट, जाकीट घालून गच्चीवरच्या हॉटेलात गेलो. मला ते कपडे शोभत होते, हे लिहायला हरकत नाही. लेक फोटो काढत होती. "अव्वा, हात खिशात घाल. जरा हस की." मी हात खिशात घातले आणि आधी दोन्ही खिसे नीट चाचपले. रिकामे होते. मग मी प्रत्येक टेबलावरच्या पन्नाशीच्या बायकांकडे बघायला लागले. कुणाची नजर माझ्या जाकिटावर अडकते ते मला बघायचं होतं.

अडकली, पण दुसऱ्या दिवशी. प्रदर्शनात गार होतं म्हणून मी कुर्त्यावर तेच जाकीट चढवलं होतं. एक रेशमी साडीतली बाई थांबून म्हणाली, जाकीट छान आहे. आमच्या घरात मराठीइतकीच कन्नड चालते, त्यामुळे मी तिला तिथल्या तिथे कन्नडमध्ये विचारलं, "याक?" म्हणजे, का बरं? एवढ्या साध्या कौतुकाचं कारण तिला कुणी विचारलं नसावं. ती हसली आणि घाईघाईने पुढच्या चित्राकडे गेली. लेक कानापर्यंत लाल झाली.

"अव्वा, काय विचारतेस?"

"ओळखते का ती तुला?"

"कशाला ओळखेल?"

"मग तू फोन उलटा का ठेवतेस सारखा?"

तिने फोन सुलटा करून माझ्यासमोर धरला. त्याच्यावर काहीच आलं नव्हतं. कॅफेत तिने एकच कॉफी मागवली आणि दोघींत घेतली. मी म्हटलं, इथली पद्धत असेल. तिचे गाल बसले होते, ते मला दिसले होते. बारीक व्हायची फॅशन आहे, असं मी स्वतःलाच सांगून टाकलं. इतका कीस मी टूथब्रशचा काढला होता, पण पोरीच्या तोंडाकडे धड बघितलं नव्हतं.

रविवारी हिरवा ड्रेस. ब्रंच म्हणजे नाश्ता आणि जेवण यांच्या मधलं काहीतरी, त्यात बिटाचं सॅलड होतं. त्यातली एक फोड माझ्या मांडीवर पडली. मी नॅपकिन ओला करून चोळणार एवढ्यात लेकीने माझा हात धरला. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"चोळू नकोस. डाग राहिला तर ते लोक—"

"ते म्हणजे कोण?" मी तिला पुढे बोलूच दिलं नाही. "त्याची आई?"

"कुणाची आई?"

मग मी सगळं काढलं. नंबरची पट्टी, बटणाचा दोरा, कॉलरची घडी, काळा ब्रश. लेक माझ्याकडे बघत राहिली आणि हसायला लागली. पोट धरून हसली. हसता हसताच तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते हसण्याचं नाही हे मला उशिरा कळलं.

"भाड्याचे आहेत अव्वा. आठ दिवसांसाठी. तो नंबर त्या दुकानाचा आहे."

आमच्याकडे नवरदेवाची शेरवानी भाड्याने आणतात, त्यामुळे भाड्याचं नवल नव्हतं. "पण तू का आणशील भाड्यानं? तुझा एवढा पगार—"

"पगार नाहीय. चार महिने झाले. आमची सगळी टीमच काढून टाकली."

मी समोरच्या ताटलीकडे बघत राहिले. "आणि हे गच्चीवरचं हॉटेल, प्रदर्शन?"

"अप्पा म्हणाले, तिला आधी दोन दिवस मस्त फिरव. जरा खुलली की मग सांग."

"अप्पांना ठाऊक आहे?"

"पहिल्या दिवसापासून."

मी उठून बाहेर जिन्यात गेले आणि नवऱ्याला फोन लावला. मला राग आला होता. मी विचारलं, चार महिने माझ्याशेजारी बसून कापड फाडताना तुमाला एकदाबी सांगावंसं वाटलं न्हाय?

तो मग म्हणाला, "तिनं सांगितलं तवा मी नुसतं व्हय म्हणलो. तू असतीस तर इचारत बसली असतीस. कुणी काढलं, का काढलं, तुझीच काय चूक झाली असंल. तवा तिला कुणीतरी गप ऐकणारं पायजे हुतं."

खरं सांगायचं तर ते तिन्ही प्रश्न त्या क्षणी माझ्या जिभेवर होते. लोकांच्या तोंडून कळू नये म्हणून मी जिवाचा आटापिटा केला, आणि इथे घरच्याच दोन माणसांनी ठरवून मला शेवटी ठेवलं होतं. राग ओसरला तेव्हा मागे लाज उरली. मी जिन्यातच पाच मिनिटं उभी राहिले.

आत आले तर लेक तोंडी परीक्षेला बसल्यासारखी ताठ बसली होती. मी काही विचारलं नाही. म्हटलं, "चल, डाग काढू." तिथल्याच मोरीत तिला दाखवलं, चोळायचं नाही, कापडाच्या उलट्या बाजूने गार पाणी टिपत जायचं. मी ड्रेस अंगावर घालूनच उभी आणि ती खाली बसून टिपत होती. डाग गेला. संध्याकाळी भाड्याचे कपडे घडी घालून ठेवले, मी इरकल नेसले आणि आम्ही एका खानावळीत ज्वारीची भाकरी खाल्ली. पुडी उघडून चटणी मीच वाढली. तिने तीन भाकऱ्या खाल्ल्या.

स्टेशनवर ती म्हणाली, "नोकरी लागली की पहिला फोन तुला." मी म्हटलं, "बघू." कारण माझा विश्वास बसला नव्हता.

सोलापुरात समोरच्या बांगड्यावालीने विचारलं, लेक काय म्हणतीया? मी तिला फोटो दाखवले. तिने बोटांनी मोठे करून बघितले. "जाकीट लई भारी हाय की. लेकीनं घेतलं?"

"व्हय," मी म्हटलं. ती माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. ती नजर मी ओळखते, पण तिने पुढे काही विचारलं नाही आणि मला तिच्याबद्दल पहिल्यांदाच बरं वाटलं.

पुढचे अडीच महिने मी रोज लेकीला फोन करत होते आणि विचारत नव्हते. भाजी काय केलीस, पाऊस आहे का, एवढंच. विचारायचं नाही हे माझ्यासाठी उपासापेक्षा कठीण होतं. नवराही काही बोलायचा नाही. त्याच्या न बोलण्याचा मला रोज संशय यायचा.

गेल्या आठवड्यात सकाळी गिऱ्हाइकांची गर्दी होती. नवऱ्याचा फोन वाजला. त्याने नाव बघितलं आणि उठून रस्त्यावर गेला. काचेतून मला दिसत होतं, तो हसत होता, मान हलवत होता. माझ्या हातात कुणाची तरी मोरपंखी साडी होती. मला लगेच कळलं. पुन्हा त्यालाच आधी. मी त्या बाईला भलत्याच रंगाचा पीस फाडून दिला आणि तिने दाखवल्यावर दुसरा फाडला.

तो आत आला. "लागली," म्हणाला. "तुजा फोन कुटं हाय? पोरगी मगापासून लावतीया, तू उचलंना म्हणून मला केला."

फोन अस्तराच्या गठ्ठ्याखाली चार्जिंगला होता, आवाज बंद. त्यावर तिचे तीन मिस्ड कॉल होते. मी "बरं" म्हटलं. नवरा शेजारी चहा सांगायला गेला. तेवढ्यात मी त्याचा गल्ल्यावरचा फोन उघडला, त्यातली तिच्या फोनची वेळ बघितली आणि माझ्या फोनमधल्या वेळेशी ताडून पाहिली. मला केलेला तिचा पहिला कॉल त्याला केलेल्या कॉलच्या सहा मिनिटं आधीचा होता. मी दोन्ही आकडे पुन्हा एकदा वाचले, आणि मोरपंखी साडीवाली समोर उभी असतानाच मला रडू आलं.