शून्य टक्क्यांचं गाव

चेरेन ब्रोद गावच्या वाचनालयात त्सोन्काबाई एकोणीस वर्षं पुस्तकं सांभाळताहेत, पण पुस्तकांना हल्ली हात कोण लावतंय? लोक येतात ते तिथल्या एकुलत्या एक संगणकासाठी. कुणाला डॉक्टरची वेळ घ्यायची असते, कुणाला स्पेनमधल्या नातीचं तोंड बघायचं असतं, कुणाला नवरा जाऊन सहा महिने झाल्याचं स्मरणपत्रक, तिथल्या रीतीप्रमाणे घराच्या फाटकावर चिकटवायला, छापून हवं असतं. सगळं त्सोन्काबाईंच्याच हातून होतं.

त्या दिवशी राजधानी सोफियाहून पाहणीवाली रालित्सा आली. घरोघरी इंटरनेट किती वापरतात, हे विचारत गाव पालथं घालून ती वाचनालयात येऊन टेकली.

"मावशी, तुमच्याकडे सगळे नाहीच म्हणतात."

"काय नाही?"

"इंटरनेट. म्हणतात, ते त्सोन्का बघते."

"बरोबरच आहे की."

"मग तुमच्या घरी तरी असेल?"

"घरी कशाला? दिवसभर हेच तर उपसते. संध्याकाळी मला त्या पडद्याकडे बघवत नाही."

रालित्साने टॅबवर शून्य टक्के भरलं. त्सोन्काबाई चक्रावल्या. सकाळपासून अकरा जणांची कामं केली, ती काय हवेत गेली?

"अगं, वाचनालय धर की त्यात."

"यात फक्त घरंच धरायची असतात, मावशी."

रालित्सा टॅब घेऊन खिडकीशी गेली, मग दारात, मग अंगणात. शेवटी परत आली. "इथे रेंजच नाही. हे पाठवू कसं?"

त्सोन्काबाईंनी चष्मा चढवला आणि खुर्ची पुढे ओढली.

"आण इकडे. आजची तू बारावी."