तीस दिवस आणि एक महिना

“पुढच्या महिन्यात भेटू” असं कुणी सहज म्हटलं, तरी भाऊ त्याला थांबवून विचारत, “म्हंजे कोणत्या तारखेले?” अमरावतीतल्या आमच्या छोट्या ऑफिसात एका विमा कंपनीचे, कोबॉल या जुन्या संगणकीय भाषेतले प्रोग्रॅम सांभाळायचं काम चाले, आणि तारखांची सगळी दुखणी भाऊंच्या टेबलावर जात. लग्नाची पत्रिकासुद्धा ते प्रोग्रॅम तपासावा तशी वाचत.

लग्न होऊन मी पुण्याहून आले आणि या ऑफिसात लागले, तेव्हा त्यांचं साधं बोलणंही मला भांडण वाटायचं. पहिल्याच आठवड्यात माझा प्रोग्रॅम अडला. कोबॉलमधली तारीख डेटाबेसकडे न्यायची तर होस्ट व्हेरिएबल लागतं. एक डबाच म्हणा ना. माझ्या डब्यात तारीख बरोबर होती, पण तिच्यात एक महिना मिळवायला गेलं की डेटाबेस नकार देई.

“काहून तोंड पाडून बसली?” भाऊंनी वाकून पाहिलं. “तुले ते तारीख दिसते. त्याले नुसती अक्षरं दिसतात. तारीख आहे म्हणून सांगा लागते त्याले.”

त्यांनी डब्याच्या नावाला कंसात घालून आधी ‘डेट’ लिहिलं आणि प्रोग्रॅम चालला. मग दिवसभर ते ऑफिसभर सांगत फिरले, की पुण्यात हे शिकवत नाहीत.

एकदा एका मृत गृहस्थाचा नाकारलेला दावा आमच्याकडे नुसता नोंदीसाठी आला. हप्ता चुकल्यावर एका महिन्याची सवलत होती आणि ती संपल्यावर हा माणूस गेला, असं प्रोग्रॅम सांगत होता. भाऊंनी तो उघडून पाहिला. कुणी तरी फार पूर्वी महिन्याऐवजी डब्यात तीस टाकून दिवस मिळवले होते. तो महिना एकतीसचा होता. माणूस सवलतीच्या शेवटच्या दिवशी गेला होता.

आमचे साहेब घाबरले. कंपनीला चूक दाखवली तर काम हातचं जायचं. “भाऊ, कुणाची तक्रार नाही. कशाला उकरता?”

“तक्रार करणारा मेला ना साहेब. आता कोण करन?”

भाऊंनीच कंपनीच्या मुंबई ऑफिसला फोन लावला आणि हिंदी, इंग्रजी, वऱ्हाडी एकत्र कालवून तासभर हुज्जत घातली. पलीकडच्या बाईंना किती कळलं कोण जाणे, पण प्रोग्रॅम दुरुस्त झाला, कामही टिकलं आणि त्या घरचा दावा मंजूर झाला. ती बातमी आली तेव्हा भाऊ “जमलं” एवढंच म्हणाले आणि माझ्या जेवणाच्या डब्यातली वांग्याची भाजी संपवून टाकली.

निवृत्त झाल्यावर ते शेंदूरजनाघाटला संत्र्याच्या बागेत राहायला गेले. गेल्या हिवाळ्यात आम्ही भेटायला गेलो. त्यांनी चहाआधीच पिशवीभर संत्री तोडून दिली आणि माझ्या नवऱ्याला गाडी कशी लावावी यावर सुनावलं. निघताना भाऊंच्या पत्नी, काकू, माझ्या कानाशी म्हणाल्या, “तुमी येनार म्हनून सकाळपासून फाटकापाशी उभे होते.”

भाऊंना ऐकू गेलं. “झाडं पाहून राहिलो होतो,” ते म्हणाले आणि फाटक लावायच्या निमित्ताने आमच्या गाडीमागे रस्त्यापर्यंत चालत आले.