हनुवटीने निवडलेली तार

डिचोलीतल्या माझ्या वाद्यांच्या दुकानात आमोण्याच्या बार्जवरचा एक खलाशी बेस गिटारच्या तारा बदलायला यायचा. पाकिटावरचं नाव तो बघतही नसे. नवी तार चढवायची, हनुवटी गिटारच्या लाकडावर टेकायची आणि डोळे मिटून छेडायची. "ही नाका. दुसरी दी." मला तो नुसता चोखंदळपणा वाटे.

एकदा दारातच खनिजाच्या ट्रकने भोंगा वाजवला. मी दचकलो, त्याची पापणीही हलली नाही. बार्जच्या इंजिनापाशी राहून कान कधीचेच गेले होते.

पुढे त्याच्या बँडचा मास्तर चौकशीला आला. "त्याका आयकू येता मरे?"

मी म्हटलं, "खराब तार ओळखून परत करणारं गिऱ्हाईक माझ्याकडे तो एकटाच आहे."