एकोणचाळीस प्रश्न, साठ घरं

माझी पदवी ट्रंकेत कसरीने खाल्ली, पण ती मिळवताना जमलेले किस्से अजून शाबूत आहेत. चार बायका बसल्या की कुणीतरी म्हणतंच, "ते फॉर्मचं सांग गो." एक सांगायला घ्यावा, तर मागून दुसरा येतो.

मी तेव्हा मुंबईत समाजशास्त्र घेऊन एम.ए. करत होते. विषय होता, नवरे गिरणीत आणि बायका गावी, अशी घरं चालतात कशी. सरांनी एकोणचाळीस प्रश्नांचे साठ छापील फॉर्म हातात दिले. "साठ म्हणजे साठ. एक कमी पडला तर पुढच्या वर्षी." पुढच्या वर्षी वडील माझं लग्न लावणार होते. तेव्हा बोटीने निमूट रत्नागिरी गाठली, मावशीकडे.

मावशी म्हणाली, "लोकांची परिस्थिती विचारायला घरोघर कशाला हिंडतेस? मला विचार." बसल्या जागी तिने साठही घरांचं सांगितलं. सगळं खरं निघालं. फॉर्मात घालण्यासारखं मात्र त्यात काहीच नव्हतं.

मालगुंडच्या वाटेवरच्या वाडीत पहिल्याच घरी म्हातारीने मला बसवलं. वय किती, भावंडं किती, भात रांधता येतो का, लग्न का राहिलं. तासाभरात तिच्याबद्दल माझ्याकडे एक ओळ जमली होती, माझ्याबद्दल तिच्याकडे अख्खा फॉर्म. निघताना म्हणाली, "परिस्थिती काय बरी नाय हो तुझी."

प्रश्न बाविसावा: फावल्या वेळात काय करता? समोरची बाई भात झोडत होती.

"फावला म्हंजे?"

"काम नसतं तो वेळ."

तिने पेंढी माझ्या हातात दिली. "झोड जरा. तवर मी आठवते."

दुपारपर्यंत मी झोडत होते. तिला काही आठवलं नाही.

साठावं घर सुंदराचं. तिचा नवरा दोन वर्षं गावी फिरकला नव्हता. ती एकेक उत्तर तोलून देत होती. "गाय व्याली, लिव. कौलं फुटली, लिव. मी छपरावरून पडले ते नको लिवू. त्यांच्या जिवाला घोर."

"कुणाच्या?"

"ह्यांच्या. कागद मुंबैला त्यांनाच देणार ना तू?"

खरं सांगायला तोंड उघडलं आणि चाळीचा पत्ता विचारून बसले. पडल्याचं लिहिलं नाही.

मुंबईत तिच्या नवऱ्याने फॉर्म शेजाऱ्याकडून वाचून घेतला, घडी करून खिशात घातला. "ठेवतो दोन दिवस," म्हणाला.

सरांनी गठ्ठा मोजला. "एकोणसाठ."

"एक वाचायला दिलाय, सर."

"कुणाला?"

"ज्याच्या घराचा आहे त्याला."

सरांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. शनिवारपर्यंत मुदत दिली.

शनिवारी सुंदराचा नवरा स्वतः कॉलेजात आला, सरांच्या टेबलावर फॉर्म ठेवून कामावर गेला. सरांनी तो उलटून पालटून पाहिला, गठ्ठ्यावर ठेवला, "साठ," म्हणाले. मग तळाचा शेऱ्याचा रकाना माझ्याकडे फिरवला. तो खरं तर सरांनी भरायचा होता. त्यात शेजाऱ्याच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं:

"शिमग्याला येतो. कौलं मी बघेन. पुन्हा वर चढू नये."