दुसऱ्याच्या नावावरची चढाई

मला डबल रोलचे सिनेमे आवडायचे आणि पैसे घेऊन खेळणारे खेळाडू अजिबात आवडायचे नाहीत. चंद्रपूरच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला असताना माझी ही दोन्ही मतं इतकी पक्की होती, की त्यांच्यावरून मी वसतिगृहातल्या मुलींशी जेवणाच्या पंगतीत भांडलेली आहे. बाकीच्या मुली हिरो बघायला जायच्या, मी गोष्ट बघायला जायची. एकाच चेहऱ्याची दोन माणसं. एक राबतो, दुसरा मिरवतो, सगळं गाव फसतं आणि शेवटच्या दहा मिनिटांत सगळा उलगडा होतो. त्या दहा मिनिटांसाठी बाकीचे अडीच तास मी टॉकीजच्या बायकांच्या बाजूला, ढेकणांच्या खुर्चीत, आनंदाने काढत असे.

खेळांचं म्हणाल, तर देशाने क्रिकेटचा विश्वचषक आणल्यापासून ज्यांना बॅट कशी धरतात हे माहीत नव्हतं, त्या मुलीही रेडिओला कान लावून बसू लागल्या होत्या. मी म्हणायची, सकाळी पांढरे कपडे घालून उतरलेला माणूस संध्याकाळी पांढराच्या पांढरा परत येतो, त्याला खेळाडू कोण म्हणेल? वर त्याला पैसेही मिळतात. खेळ म्हणजे कबड्डी. मुली हसायच्या. हसू देत. कबड्डीबद्दल मला जे कळत होतं, ते मी माझ्या थोरल्या भावाकडून शिकले होते आणि त्याच्यासारखी चढाई करणारा गडी मी पुढे कधी पाहिला नाही.

आमचं गाव गोंडपिपरीकडचं. बाबांच्या तरुणपणी आमच्या वस्तीने धम्म घेतला, शिकायचं ठरवलं, आणि त्या ठरावाचं सगळं ओझं शेवटी माझ्या डोक्यावर आलं, कारण भाऊ दहावीत गडगडला. त्याचं डोकं पायांत होतं. दिवाळीनंतर धान कापून झालं की आमच्या भागात गावोगाव मंडई भरते. दिवसा दुकानं, पाळणे आणि कबड्डी, रात्री नाटक. कापणी झालेली एखादी बांधी, म्हणजे धानाचं खाचर, सपाट करतात, पाणी शिंपडतात, वर कोंडा पसरतात आणि तिथे सामने होतात. नियम असा की प्रत्येक संघात गावचेच गडी हवेत. हा नियम पाळणारं एकही गाव मी पाहिलेलं नाही. जो तो बाहेरून एखादा चांगला गडी आणायचा आणि लाऊडस्पीकरवर गावातल्याच कुण्या गैरहजर पोराचं नाव सांगायचा. आणलेल्या गड्याला जेवण, टॉवेल-टोपी आणि परत येण्याचं आमंत्रण मिळे. याला फसवणूक कोणी म्हणत नसे. पंचांनाही माहीत असायचं, कारण पंच स्वतः कधीकाळी असेच कुणाच्या तरी नावावर खेळलेले असत.

भाऊ याच रीतीत, दुसऱ्या गावांकडून खेळत वाढला. म्हणून घुग्घुसच्या एका खाणीतले खेळाचे साहेब त्याला मंडईत बघून म्हणाले, "आमच्यासाठी खेळ, खाणीत जागा निघाली का पहिला तूच," तेव्हा त्याला त्यात वावगं काही वाटलं नाही. खाणीच्या संघात फक्त हजेरीपटावरचेच कामगार खेळू शकत. भाऊ हजेरीपटावर नव्हता. मग साहेबांनी एका कायम कामगाराचं नाव त्याला दिलं. तो माणूस जमिनीखाली कोळसा भरायच्या कामावर होता, अंगाने चांगला भरलेला, कबड्डीत एकदा बसला तर दोघांना उचलावा लागेल असा. त्याचं आडनाव मात्र आमच्या गावात पाटलाच्या ओसरीवर सतरंजीवर बसणारं होतं. आमचं आडनाव कुठे बसतं, ते सांगायची गरज नाही.

भाऊ घुग्घुसला राहायला गेला. मला त्याचा अभिमान वाटायचा. पैसे घेऊन खेळणाऱ्यांना मी नावं ठेवत होते, पण भाऊ पैशांसाठी नाही, नोकरीसाठी खेळतो, असा बारीक फरक मी स्वतःच्या सोयीने करून घेतला होता. ती नोकरी लागली असती तर माय दुसऱ्याच्या बांधीत रोवणीला जायची थांबली असती.

खाणींच्या स्पर्धेचा शेवटचा सामना बघायला मी आणि बाबा गेलो. बाबा धुतलेलं धोतर नेसून आले होते आणि बसस्टँडपासून मैदानापर्यंत येईस्तोवर ते धोतर कोळशाच्या धुळीने करडं झालं होतं. भावाची पहिली चढाई मी आजही डोळ्यांपुढे आणू शकते. तिघांनी त्याला धरलं आणि तो त्या तिघांना ओढत मधल्या रेषेपर्यंत आला. मैदान उसळलं. लाऊडस्पीकरवरचा माणूस घसा फोडून एक भलतंच नाव पुकारू लागला.

बाबांनी मला विचारलं, "हा कोनाचं नाव घेऊन राह्यला? आपल्या पोराचं काऊन नाई घेत?"

मी हळू आवाजात त्यांना सगळं सांगितलं.

"म्हंजे मंडईसारखं," बाबा म्हणाले.

"हो बाबा. मंडईसारखं."

शेजारी बसलेला जाडा माणूस आमच्याकडे वळून हसला. "ते नाव माहंच हाये, भाऊ. तुमच्या पोरानं माह्या नावाचं सोनं केलं." त्याने आम्हाला मूठभर शेंगा दिल्या. आम्ही त्या खाल्ल्या. माणूस वाईट नव्हता, आणि मला त्याचाच जास्त राग येतो. वाईट असता तर शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं.

संघ जिंकला. बक्षिसं द्यायला वरच्या ऑफिसातले कोणी मोठे साहेब आले होते, सोबत फोटोवाला होता. उत्कृष्ट चढाईसाठी तेच नाव पुकारलं गेलं. भाऊ उठला. त्याच्या गुडघ्यातून रक्त येत होतं. खेळाच्या साहेबांनी दुरूनच त्याला हाताने खाली बस अशी खूण केली आणि आमच्या शेजारचा माणूस अंगावरची फोलपटं झटकत उभा राहिला. कोणीतरी त्याच्या डोक्यातून एक कोरी जर्सी घातली, ती पोटावर अडकली, दोघांनी मिळून खाली ओढली. घुग्घुसच्या कामगारांना सगळं माहीत होतं. त्यांना ती गंमत वाटली आणि त्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या. भाऊही वाजवत होता. बाबा तेवढे हात मांडीवर ठेवून बसले होते.

पुढच्या उन्हाळ्यात खेळाडूंसाठी जागा निघाल्या. भाऊ ऑफिसात गेला, तर टेबलामागे नवा माणूस. त्याने विचारलं, कुठल्या संघाकडून खेळला? भाऊ म्हणाला, तुमच्याच. त्याने नाव विचारलं, भावाने स्वतःचं सांगितलं. या नावाचा गडी आमच्या संघात कधीच नव्हता, असं उत्तर मिळालं. खेळाचे साहेब त्याच खोलीत बसले होते आणि खिडकीतून ट्रक मोजत असल्यासारखे बाहेर बघत होते. त्या जाड्या माणसाला मात्र खेळातल्या कामगिरीबद्दल जमिनीखालून वर काढलं आणि स्टोअरमध्ये बसायचं काम दिलं.

हे मला भावाने वसतिगृहाच्या फाटकाशी उभ्या उभ्या सांगितलं. त्याच्या हातात ट्रंक होती. "बाई, ते म्हंतात का मी खेळलोच नाई."

"आणि तू गप्प बसलास? त्या साहेबाची कॉलर नाही धरलीस?"

"त्याले बी पोरंबाळं हायेत. खरं बोलला असता तर त्याची नोकरी गेली असती."

या चांगुलपणावर मला इतका संताप आला, की मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. डबल रोलचा सिनेमा मी त्यानंतर पाहिला नाही. लेखकाला ती शेवटची दहा मिनिटं लिहावीच लागतात, कारण लोक तिकीट काढून बसलेले असतात. घुग्घुसच्या मैदानावर तिकीट नव्हतं.

त्या वर्षी आमच्या गावच्या मंडईत भाऊ आमच्याच संघातून उतरला. मी सुट्टीत घरी होते. लाऊडस्पीकरवर त्याचं खरं नाव, आमच्या आडनावासकट, मी पहिल्यांदा ऐकलं आणि मला रडू फुटलं. भावाने पहिल्याच चढाईत दोघांना बाद केलं.

तेवढ्यात समोरच्या संघातला एकजण ओरडला, "थांबा! हा गावचा गडी नाई. हा घुग्घुसच्या खानीतला हाये. म्या सोता पाह्यला त्याले खेळताना." आणि त्याने ते दुसरं नाव घेतलं. बघणाऱ्यांतून आणखी दोघे-तिघे उठले. हो, हो, तोच हा. खोटं नाव सांगून उतरलाय. आमच्या गावचे लोक एका आवाजात म्हणाले, आमचाच आहे, इथेच जन्मला. पण मंडईत प्रत्येक गाव आपल्या आणलेल्या गड्याबद्दल हेच म्हणतं. समोरच्यांनी हरकत घेतल्यावर बाहेरगावहून आलेल्या पंचांनाही नियम दाखवणं भाग होतं. त्यांनी शिट्टी वाजवली आणि भावाला बाहेर जायला सांगितलं.

बाबा दोर ओलांडून मैदानात गेले. पंचांसमोर उभे राहिले आणि त्यांनी भावाच्या खांद्यावर हात ठेवला.

"माहा पोरगा हाये हा."

पंच हसले. थट्टेने नाही, समजुतीने. "भाऊ, समदेच असं म्हंतात," ते बाबांना म्हणाले, आणि त्यांनी राखीव गड्याला आत बोलावलं.