एकेचाळीस खिळ्यांची होडी

“टीचर, हे वाक्य मी नाय बोलणार,” सुहाना म्हणाली.

तिच्यासमोर पाण्याचा टब होता. टबात तिच्या गटाने बनवलेली होडी, चपात्या गुंडाळतात त्या फॉइलची. फळ्यावर माझ्या अक्षरात वाक्य होतं, ‘माय बोट सिंक्स’. आणि मागच्या बाकावर आमच्या संस्थेच्या कोऑर्डिनेटर मॅडम वही उघडून बसल्या होत्या. दाभोळच्या या शाळेतला माझा तास पुढच्या टर्मला ठेवायचा की बंद करायचा, हे त्या आज ठरवणार होत्या.

मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजला जाणारी मीच पहिली. आठवड्यातून दोन दिवस मी इथल्या सातवीला प्रयोगांतून इंग्रजी शिकवते. मुलांनी हाताने काहीतरी बनवायचं आणि जे घडेल ते इंग्रजीत सांगायचं. तासाच्या शेवटी जे वाक्य त्यांच्या तोंडून यायला हवं, त्याला आम्ही टार्गेट सेंटेन्स म्हणतो. ते आलं तर तास जमला.

आजचा प्रयोग सोपा होता. होडीत एकेक खिळा टाकायचा. तरंगते तोवर ‘फ्लोट्स’. बुडाली की ‘सिंक्स’.

‘फ्लोट्स’ सगळे ओरडून म्हणाले. खिळेही इंग्रजीत मोजले. पण पाणी होडीच्या काठाला लागलं आणि चारही गटांचे हात थांबले.

“टाका की अजून एक,” मी म्हटलं. कोणी हललं नाही.

“वर्षा, यांना ‘सिंक’चा अर्थ तरी माहीत आहे का?” मॅडमनी विचारलं.

“आहे मॅडम.” माझा आवाज माझा मलाच पटला नाही.

“सिंक म्हंजे भांडी घासतात ती जागा!” फैजान म्हणाला. वर्ग हसला. मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं.

मी सुहानाजवळ उकिडवी बसले. “काय झालं गो? शब्द कठीण आहे?”

“शब्द येतो मला. पण माझी होडी बुडते, असं कोण बोलतं काय? अब्बा आज दर्यात आहेत. दादीने ऐकलं तर कान उपटेल.”

माझं गाव पोफळीच्या बाजूला, डोंगरात. समुद्र मी पाहिला तो कॉलेजला आल्यावर. वर्कशीट मी तीनदा तपासलं होतं. वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरचं कोणीतरी त्या क्षणी पाण्यावर असतं, हे मात्र तपासलं नव्हतं.

मॅडमच्या देखत स्वतःचं वाक्य पुसायला हात धजत नव्हता. तरी पुसलं.

“सुहाना, होडीत माल भरताना ‘आता बस’ असं कोण सांगतं?”

“तांडेल. होडीवर त्याचंच चालतं.”

“मग आज तांडेल तू. इंग्रजीत सांग.”

फैजानने मुद्दाम बेचाळिसावा खिळा उचलला. सुहानाने त्याचं मनगट धरलं.

“स्टॉप! नो मोअर! माय बोट इज फुल. फॉर्टी-वन नेल्स. वन मोअर, अँड...” ती थांबली. त्याच्याकडे डोळे वटारून म्हणाली, “यू नो, फैजान.”

‘माय बोट’ सोडलं तर यातलं एक अक्षरही मी फळ्यावर लिहिलेलं नव्हतं. मग बाकीच्या तीन गटांनीही आपापला तांडेल नेमला आणि तेही आपापल्या गटावर ओरडू लागले. शेवटी मी अंगणातून एक जांभा दगड आणून टबात सोडला. ‘द स्टोन सिंक्स’ म्हणायला कोणाची हरकत नव्हती. फैजान तर दोनदा म्हणाला.

तास सुटल्यावर मॅडमनी वही मिटली.

“ते वाक्य वर्कशीटमध्ये नव्हतं.”

“नव्हतं मॅडम. माझं चुकलं होतं.”

“मग वर्कशीट बदला. आणि पुढच्या टर्मची वर्कशीटं आधी त्या मुलीला दाखवा, मग मला.”

तसंच करते आहे. कालच सुहानाने नव्या वर्कशीटमध्ये दोन चुका काढल्या. त्यातली एक स्पेलिंगची होती.