कळपाबाहेरचं भय

मार्गशीर्ष वद्य षष्ठी. नांदेडला दादाच्या घरी, अंगणात मी तुरीची डाळ पाखडत होते. आमचे काका, म्हणजे आता घरातले एकटे वडीलधारे, ओसरीवरून म्हणाले, "उद्या सकाळी न्हावी येईल. वहिनीला सांगून ठेव." दादा, माझा भाऊ, विषमज्वरानं गेला त्याला महिना उलटला होता. दहाव्याला वहिनीही तापानं फणफणली होती, म्हणून तिचं केशवपन राहून गेलं होतं. ते आता उरकायचं होतं.

दादा सरकारी मदरशात, म्हणजे शाळेत, शास्त्र शिकवायचा, तेही उर्दूतून. माणूस माकडांच्या कुळातला, हे त्यानं पुस्तकात वाचलं; पटलं मात्र ह्याच अंगणात बसून. नदीकाठची वानरं छपरावर उतरली की हा ताट सोडून बाहेर. दुपारी बायका एकमेकींच्या डोक्यातल्या उवा बघायला बसल्या की म्हणायचा, "उवांचं निमित्त गं. सकाळचं भांडण मिटवून राहिल्यात त्या." आई तेव्हा होती. ती चिडायची. "माकड असेल तुझा बाप!" "माझा बाप म्हणजे तुझाच नवरा की, आई." मग तिलाही हसू आवरायचं नाही. तालीम, म्हणजे शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला आले की हेडमास्तर कमरेत वाकून दात दाखवायचे. दादा घरी येऊन त्यांची हुबेहूब नक्कल करायचा, मग म्हणायचा, "हसत नव्हते ते. मारू नका म्हणत होते. मीही शेजारी तसाच उभा होतो..."

शेवटच्या वर्षात त्यानं नकला सोडल्या. गावात दंगलीच्या अफवांचे दिवस होते. एकेकटी भेटली तर आपुलकीनं बोलणारी माणसं चार जणांत उभी राहिली की ओळख देत नसत. दादा म्हणायचा, माणसाला मरणाचं एवढं भय नाही, जेवढं कळपातून हाकललं जायचं आहे. एकटं पडलेलं वानर फार जगत नाही. ते भय आपल्या रक्तात तसंच राहिलंय.

म्हणून काकांशी मी धर्मशास्त्रावर वाद घातला नाही. सरळ विचारलं, "काका, भीती कुणाची वाटते?"

"भीती कसली? रीत आहे." मग आवाज खाली आला. "पंगतीला कोण बसवून घेईल उद्या? दोन नाती उजवायच्या राहिल्यात माझ्या."

काका दुष्ट नाहीत. वहिनीच्या तापात तिच्या उशाशी तेच बसून होते. दुष्ट असते तर भांडता तरी आलं असतं.

वहिनी चुलीपुढे भाकरी थापत होती. मी सांगितलं, तशी मान वर न करता म्हणाली, "करू द्या वन्सं."

"तुला चालेल?"

"न चालून काय? केस गेले तर ह्या घरात तरी राहीन. ठेवले तर कुठं जाऊ?"

तिनं भाकरी उलटली. दादा सगळ्यांवर बोलला, पण एकट्या पडलेल्या बाईनं काय करायचं, हे त्याच्या बोलण्यात कधी आलंच नव्हतं...

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी तिची ट्रंक भरली आणि टांगा बोलावला. काकांना म्हटलं, "हिला लातूरला माझ्या घरी नेते. लोकांना सांगा, नणंदेनं पळवली."  दाराची कडी काकांनीच काढली. घरी यजमानांना मी विचारलं नव्हतं. पोचल्यावर सांगणार होते. आगगाडीत वहिनीनं माझ्या पदराचं टोक मुठीत धरलं. तिला झोप लागली तरी मूठ सुटेना. मला पाणी प्यायला उठायचं होतं. तशीच बसून राहिले.